फोटो माझेच आणि चोरही मीच? खोट्या कॉपीराइट-ट्रेडमार्क तक्रारीला उत्तर काय द्यायचं

बॉबिनवाला:
मंडळी, दोन रात्री नीट झोप नाही म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शिलाई मशीनचे सुटे भाग ऑनलाइन विकतो. बॉबिन, बॉबिन केस, प्रेसर फूट, सुया असलं सगळं. चार वर्षं झाली, कधी साधी वॉर्निंग नाही. एक लिस्टिंग आहे २५ बॉबिनच्या डबीची, अर्ध्याहून जास्त विक्री तिचीच. परवा रात्री साडेअकराला मेल, की तुमच्या लिस्टिंगवर बौद्धिक संपदेची तक्रार आलीय म्हणून ती काढलीय. उघडून बघतो तर एक नाही, दोन तक्रारी. एक कॉपीराइटची, म्हणे फोटो चोरलेत, आणि दुसरी ट्रेडमार्कची. अकाउंट हेल्थ, म्हणजे प्लॅटफॉर्मने दिलेली खात्याची स्थिती, हिरव्यातून थेट पिवळ्यात.

आता गंमत ऐका. फोटो मी स्वतः काढलेत, घरातल्या टेबलावर पांढरा कागद अंथरून. तक्रार करणारा कोण म्हणून शोधलं तर सहा महिन्यांपूर्वी आलेला एक सेलर, तोच माल विकतो आणि त्याच्या लिस्टिंगवर माझेच फोटो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मेल आयडी फुकटातला, कंपनीचं नाव नाही, काही नाही.

घाबरून मी काय केलं, तर एका व्हिडिओत बघून 'झाल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा असं होणार नाही' असं अपील टाकलं, दोन तासांत रिजेक्ट. मग अजून दोनदा तेच टाकलं. आता पुढे काय? वकील लावू? लिस्टिंग डिलीट करून नवीन टाकू? का त्या माणसाला मेलवर चार शिव्या घालू?

जुनाविक्रेता:
आधी अपील टाकणं थांबवा. तीन झालीत, चौथं तिकडे बसलेला माणूस उघडूनसुद्धा बघणार नाही.

लिस्टिंग डिलीट करू नका. ती कधीपासून चालू होती, फोटो कधी चढवले, हा सगळा इतिहास तिच्यात आहे आणि तोच तुमचा पुरावा. शिवाय डिलीट करून तक्रार जात नाही, ती अकाउंटच्या नावावर नोंदलेली असते. त्याच मालाची नवी लिस्टिंग तर अजिबातच नको, काढलेली वस्तू मागच्या दाराने परत आणली असं धरतात आणि मग पिवळ्याचं लाल व्हायला वेळ लागत नाही.

शिव्या मनातच ठेवा. तुम्ही लिहिलेला शब्दन् शब्द तो स्क्रीनशॉट काढून प्लॅटफॉर्मला देऊ शकतो.

उद्याबघू:
एवढा व्याप कशाला, घरच्या कोणाच्या तरी नावाने दुसरं अकाउंट काढा आणि चालू करा. मी तेच केलं, काही झालं नाही

जुनाविक्रेता:
@उद्याबघू अजून झालं नाही असं म्हणा. पत्ता, बँक खातं, फोन, इंटरनेटचं कनेक्शन यातलं काहीही जुळलं की दोन्ही अकाउंट जोडतात आणि दोन्ही एकदम जातात, वर अडकलेलं पेमेंट सोडवत बसा. कृपया हा सल्ला दुसऱ्याला देऊ नका.

धावदोरा:
बॉबिनवाला दादा, माझं गेल्या वर्षी डिट्टो हेच झालं होतं, माल वेगळा होता एवढंच. आणि मीही तोच माफीनामा टाकला होता त्यामुळे हसत नाहीये तुम्हाला.

पण तो माफीनामा किती महागात पडतो ते सांगते. ते नमुने खरंच चूक झालेल्यांसाठी असतात, मूळ कारण काय, काय सुधारणा केली, पुढे काय काळजी घेणार वगैरे. खोट्या तक्रारीला तेच उत्तर दिलं की आपण आपल्या हाताने कबुली दिली. मी नंतर सगळे पुरावे पाठवले तर उत्तर आलं की तुम्ही आधीच्या पत्रात उल्लंघन मान्य केलेलं आहे! मग मला पहिल्या ओळीत लिहावं लागलं की आधीचं अपील तक्रारीचा प्रकार न समजता पाठवलं होतं, ते मी मागे घेते, मी कोणाचाही हक्क मोडलेला नाही, पुरावे खाली आहेत. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. आणि डॅशबोर्डवर 'मला मान्य आहे' छापाचं बटण दिसलं तर आधी वाचा कशाला मान्य आहे ते.

पुराव्याचं म्हणाल तर 'फोटो मी काढलाय' असं नुसतं लिहून कोणी विश्वास ठेवत नाही, तोही तेच लिहितोय. मूळ फाइल शोधा, थेट फोनमधून किंवा कॅमेऱ्यातून आलेली. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवलेली चालणार नाही, त्यात फोटो लहान होतो आणि तारीख, कॅमेऱ्याची माहिती सगळी पुसली जाते. आणि खरी मजा न वापरलेल्या फोटोंत असते. एक बरा फोटो येईपर्यंत आपण पंधरा काढतो ना, हललेले, आपलीच सावली पडलेले, ते चोराकडे कुठून असणार? त्याच्याकडे फक्त साइटवरचा कापलेला बारीक फोटो असतो. माझ्या केसमध्ये सावलीवाल्या फोटोनेच काम केलं. त्याचा फोटो मोठा करून तुमच्या मूळ फोटोशेजारी ठेवा आणि कडा बघा. मधली वस्तू सगळ्यांची सारखीच दिसते, चोरी कडेला सापडते.

बॉबिनवाला:
ताई तुमचे पाय कुठे आहेत!!

आत्ता तासभर तेच करत बसलो होतो. माझ्या मूळ फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात कागद संपतो तिथे टेबलावरचा निळ्या शाईचा डाग दिसतो, साधारण डाळीच्या दाण्याएवढा. लिस्टिंगवर टाकताना मी तो कापला नव्हता, लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या लिस्टिंगवर तोच फोटो आहे पण आरशात बघितल्यासारखा उलटा फिरवलेला, म्हणजे डाग आता डाव्या कोपऱ्यात, आणि डबीच्या झाकणावर उठावाचा '२५' आकडा आहे तोसुद्धा उलटा! सहा महिने ते उलटे २५ तिथे आहेत आणि कोणाचं लक्ष नाही. मूळ फाइल मिळाली, तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची, आणि त्याच दिवशीचे अजून अकरा फोटो, त्यातल्या दोनांत माझं बोट आलंय.

आता हे पाठवायचं कुठे? परत अपीलमध्येच?

कायद्याचाकिडा:
मी वकील नाही, पण स्वतःच्या तक्रारी निस्तरता निस्तरता बरंच वाचलंय. सगळ्यात मोठा घोळ हा होतो की लोक 'आयपी (बौद्धिक संपदा) तक्रार' हे एकच प्रकरण समजतात. आत वेगवेगळी घरं आहेत, फोटो-मजकुराचा कॉपीराइट, नाव-लोगोचा ट्रेडमार्क, दिसण्याचं डिझाइन आणि चालण्याचं पेटंट, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तुमच्याकडे दोन आहेत, तेव्हा दोन वेगळी उत्तरं द्या, एकात कालवू नका.

फोटोंचं तुमचं प्रकरण सोपं आहे. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, त्याला नोंदणी लागत नाही, बर्न या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सगळ्या देशांत हेच आहे. प्लॅटफॉर्म अमेरिकन कायद्याखाली नोटिसा घेत असेल तर १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याचं कलम ५१२ लागतं आणि त्यात काउंटर नोटीस नावाची सोय आहे. त्यात लिहायचं की माझी खात्रीपूर्वक समजूत आहे की हा मजकूर चुकीने काढला गेला, आणि हे खोट्या शपथेच्या शिक्षेला पात्र राहून लिहायचं. प्लॅटफॉर्म ती तक्रारदाराला पाठवतो, आणि त्याने कोर्टात दावा दाखल केल्याचं कळवलं नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत लिस्टिंग परत लावायची असते. म्हणजे आता कोर्टात जायची पाळी त्याची.

दोन खाचा लक्षात ठेवा. एक, काउंटर नोटिशीत तुमचं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तो त्या माणसाकडे जातो. आणि अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, तुम्ही अमेरिकेबाहेर असलात तरी. बहुतेक चोर कोर्टात जात नाहीत, पण सही करण्याआधी वाचा. दुसरी खाच मला अजूनही खुपते. तक्रारीत शपथ फक्त 'मी हक्काच्या मालकाच्या वतीने बोलतोय' एवढ्यापुरती असते, बाकीची तक्रार खरी आहे हे नुसतं विधान. म्हणून लोक एवढ्या सहज ठोकतात. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ५१२ (एफ) खाली नुकसानभरपाई मागता येते, २००४ मध्ये डायबोल्ड कंपनीला याच कलमाखाली सव्वा लाख डॉलर मोजावे लागले होते, पण २०१५ च्या लेन्झ नावाच्या खटल्यातल्या निकालानंतरही कसोटी तीच राहिली की त्या माणसाला मनापासून ते खरं वाटत होतं का, मग ती समजूत अवाजवी का असेना. ते मोडून काढणं जड जातं. तुमच्याकडे उलटा फिरवलेला फोटो आहे, ही 'समजूत' मनापासूनची होती असं म्हणायला त्याला जरा कष्ट पडतील, तरी भरपाईची स्वप्नं बघू नका, लिस्टिंग परत आणा.

ट्रेडमार्कला मात्र ही काउंटर नोटीस लागू नाही. इथे अर्धे लोक फसतात, ट्रेडमार्कच्या तक्रारीला डीएमसीएचा फॉर्म भरून पाठवतात आणि वाट बघत बसतात. तक्रारीत नोंदणी क्रमांक दिलेला असतो, तो काढून वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये टाका, फुकट आहे. मालक कोण, नोंदणी कोणत्या देशातली, चालू आहे की संपली, आणि कोणत्या वर्गात. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात, कपड्यांच्या वर्गात नाव नोंदवलंय म्हणून मशीनच्या भागांवर आपोआप हक्क येत नाही. नोंदणी पण त्या त्या देशापुरती किंवा प्रदेशापुरतीच.

युरोपात विकत असाल तर अजून एक हत्यार आहे. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झालाय. लिस्टिंग का काढली त्याची कारणं लेखी द्यावी लागतात, मोठ्या प्लॅटफॉर्मना निदान सहा महिने आतल्या आत तक्रार करायची सोय ठेवावी लागते, आणि उघड निराधार नोटिसा वारंवार पाठवणाऱ्याच्या नोटिसा काही काळ हाताळणंच थांबवायचं असतं. म्हणून त्याच माणसाने अजून कोणाला छळलं असेल तर ते शोधून जोडा.

बॉबिनवाला:
ट्रेडमार्कचा क्रमांक टाकला. मालक म्हणून मशीन बनवणारी मूळ कंपनी दिसतेय, ज्यांच्या मशीनला माझे बॉबिन बसतात. आपला हा उपटसुंभ नाही. म्हणजे दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर याने तक्रार केली?? असं करता येतं?

माझं टायटल असं होतं, ब्रँडच्या जागी अमुक लिहितो: 'अमुक बॉबिन २५ नग डबीसह उत्तम दर्जा'

कायद्याचाकिडा:
करता येत नाही, पण फॉर्म कोणीही भरू शकतो. मालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच तक्रार करायची असते. नोंदणीच्या पानाचा स्क्रीनशॉट लावा, मालकाच्या नावाला वर्तुळ करा आणि एवढंच लिहा की तक्रारदार या चिन्हाचा मालक नाही, अधिकारपत्र असेल तर त्याने दाखवावं. आणि त्या मूळ कंपनीच्या कायदा विभागाला छोटा मेल टाका, की तुमच्या नावाने अशी अशी तक्रार कोणीतरी केलीय, हा तुमचा माणूस आहे का. स्वतःच्या नावाने कोणी परस्पर नोटिसा काढतंय हे कुठल्याच कंपनीला आवडत नाही.

खुट्टाकाढा:
मी कडू बोलणार आहे. तक्रार खोटी आहे मान्य, पण दादा तुमचं टायटलही चुकलंय.

'अमुक बॉबिन' वाचून मला काय वाटेल? की हे अमुक कंपनीने बनवलेत. तुम्ही विकताय दुसऱ्याने बनवलेले, अमुकच्या मशीनला बसणारे. दुसऱ्याचं नाव आपला माल कशाला बसतो हे सांगायला वापरता येतं, बहुतेक ठिकाणी, पण माल त्यांचाच आहे असा भास होता कामा नये. आज खोट्याने तक्रार केली म्हणून वाचलात, उद्या खऱ्या मालकाने केली तर काय सांगणार? आणि वर किडाभाऊ म्हणतायत तसा तुम्ही त्यांना स्वतःहून मेल टाकणार, ते आधी तुमचीच लिस्टिंग उघडून बघतील ना! म्हणून टायटल आधी दुरुस्त करा, मेल नंतर.

असं करा: '२५ प्लास्टिक बॉबिन, क्लास १५, डबीसह, अमुक मशीनसाठी चालणारे' (क्लास १५ हा बॉबिनचा प्रकार, ट्रेडमार्कचा वर्ग नाही). स्वतःचं नाव किंवा 'ब्रँड नाही' हे ब्रँडच्या रकान्यात, अमुक तिथे चुकूनही नाही. लोगो फोटोत नको. वर्णनात एक ओळ, हे अमुक कंपनीचं उत्पादन नाही. त्या ओळीने सगळं माफ होत नाही, पण 'साठी' हा शब्द असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बॉबिनवाला:
@खुट्टाकाढा लागलं थोडं, पण खरंय. लिस्टिंग एडिटला बंद आहे आत्ता, बाकीच्या नऊ लिस्टिंगची टायटलं आज रात्री बदलतो. नऊच्या नऊ तशीच आहेत.

तिसराहात:
थोडं वेगळं, पण कोणाला उपयोगी पडेल म्हणून. मी ब्रँडेड माल घेऊन पुढे विकतो, माझ्यावर 'नकली माल' अशी तक्रार आली होती. अस्सल वस्तू एकदा मालकाने विकली की पुढे विकायला साधारणपणे त्याची परवानगी लागत नाही, अमेरिकेत तर २०१३ च्या कर्टसेंग निकालात परदेशात छापून तिथेच विकलेल्या पुस्तकांनाही कॉपीराइटचा हा नियम लागू केला. पण प्लॅटफॉर्मला तत्त्व सांगून काही होत नाही, त्यांना बिलं लागतात. बिलावर पुरवठादाराचं नाव, पत्ता, फोन, मालाचं नेमकं वर्णन आणि तेवढे नग दिसायला हवेत. खरेदीचे भाव झाकले तरी बऱ्याच ठिकाणी चालतं पण बाकी एक अक्षर हलवू नका. माझ्या ओळखीच्या एकाने तारीख नीट दिसत नव्हती म्हणून एडिट करून ठळक केली, माल अस्सल, बिल अस्सल, तरी बनावट कागदपत्र म्हणून अकाउंट कायमचं गेलं.

आणि तक्रारदाराला विचारा की टेस्ट खरेदी (तपासायला म्हणून माझ्याकडून माल घेणं) केली का, ऑर्डर नंबर द्या. न बघता नकली कसं ठरवलं? याला माझ्या तक्रारदाराकडे उत्तर नव्हतं. वॉरंटीचं मात्र जपा, कंपनीची वॉरंटी तुमच्याकडून घेतलेल्या मालाला मिळत नसेल आणि तुम्ही 'नवीन, वॉरंटीसह' लिहिलं असेल तर तो वस्तूत फरक आहे म्हणून पकडू शकतो.

सुईच्याअग्रावर:
पेटंटची तक्रार आली तर काय?

कायद्याचाकिडा:
@सुईच्याअग्रावर तिथे मात्र वकील, मी काहीही बोललो तरी. ॲमेझॉनवर अमेरिकन युटिलिटी पेटंटसाठी (वस्तू कशी चालते त्याचं पेटंट) एपेक्स नावाची प्रक्रिया आहे, दोन्ही बाजू ४,००० डॉलर ठेवतात, तटस्थ वकील बघतो, हरणाऱ्याचे जातात. उत्तरच दिलं नाही तर लिस्टिंग जाते. तुम्ही तोच माल पेटंटच्या अर्जाच्या बरंच आधीपासून विकत होतात हे दाखवता आलं तर खेळ बदलतो, म्हणून जुनी बिलं फेकू नका, आणि वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर तुमचं जुनं पान साठवलेलं सापडतंय का बघा.

एक राहिलं. ब्रिटन, भारत अशा काही देशांत निराधार धमकीविरुद्ध उलटा दावा करता येतो, भारतात ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम १४२, कॉपीराइटला कलम ६०. वकिलाकडे गेलात तर हे कलम आधी विचारा, साधं कडक पत्रसुद्धा पुष्कळदा पुरतं.

धावदोरा:
काउंटर नोटीस टाकायच्या आधी तक्रार मागे घ्यायची एक संधी द्या त्याला, सगळ्यात लवकर तेच होतं. मी पाठवलेला मेल असा होता, वाटलं तर घ्या:

'आपण अमुक क्रमांकाची तक्रार केली आहे. त्यातले फोटो मी काढलेले असून मूळ फाइल आणि त्याच दिवशीचे इतर फोटो माझ्याकडे आहेत, दोन सोबत जोडले आहेत. तक्रार चुकून झाली असल्यास ज्या मेलवरून केली त्याच मेलवरून, तक्रार क्रमांक लिहून, तीन दिवसांत मागे घ्यावी. अन्यथा मी काउंटर नोटीस देत आहे.'

राग नाही, विशेषणं नाहीत. 'चुकून' हा शब्द मुद्दाम ठेवायचा, म्हणजे त्याला अब्रू राखून मागे फिरता येतं. सगळे फोटो त्याला देऊ नका, सावलीवाले-बोटवाले प्लॅटफॉर्मसाठी राखून ठेवा. आणि त्याने पैसे मागितले किंवा तो 'भाव वाढव मग मागे घेतो' म्हणाला तर आनंदाने जपून ठेवा तो मेल, माझ्या मते त्याहून मोठा पुरावा नाही.

बॉबिनवाला:
अपडेट. आज नववा दिवस.

ताईंचा मेल जसाच्या तसा पाठवला, सोबत दोन फोटो शेजारी शेजारी लावून, डागाला आणि उलट्या २५ ला लाल गोल. उत्तर नाही आलं. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या लिस्टिंगवरचे फोटो बदलले (आता दुसऱ्याच कोणाचे तरी वाटतायत, मागे लाकडी फरशी आहे) आणि तिसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मचा मेल की कॉपीराइटची तक्रार मागे घेतली गेली. काउंटर नोटीस लागलीच नाही. जुने फोटो बदलायच्या आधी मी त्याच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवले होते, जुनाविक्रेता यांनी मेसेजमध्ये तेवढं बजावलं होतं म्हणून.

ट्रेडमार्कचं अजून लोंबकळतंय. टायटलं बदलून मग मूळ कंपनीला मेल टाकला, त्यांनी कळवलं की असा कोणी आमचा प्रतिनिधी नाही. ते पत्र आणि नोंदणीचं पान जोडून अपील दिलंय, यावेळी एकच आणि अर्ध्या पानाचं. पहिली तीन मागे घेतो असं वरतीच लिहिलं. बायको टेबल पुसायला निघाली होती, म्हटलं तो डाग तेवढा राहू दे अजून काही दिवस.

लिस्टिंग परत आली की रिव्ह्यू आणि रँक राहतात का?

जुनाविक्रेता:
माझ्या वेळी रिव्ह्यू सगळे राहिले, रँक खाली गेली होती, वर यायला वेळ लागला. तोवर स्टॉक नवीन मागवू नका. आणि तक्रार मागे घेतल्यावरही अकाउंट हेल्थच्या पानावर ती नोंद तशीच दिसत असेल तर ती काढायला वेगळं तिकीट टाका, आपोआप जाईल असं धरून चालू नका, माझी चार महिने तशीच पडली होती.

बॉबिनवाला:
बघितलं. आहे तशीच. टाकतो तिकीट.